तयारी पूर्ण व्हायची वाट बघू नका

वाचकांचे प्रश्न : अठरा वर्षांनंतरची विशेष मुलं

प्रश्न : ताई, आमचा दादू (हे घरातलं नाव) बावीस वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्रावर ६० टक्के लिहिलंय. अठरा पूर्ण झाले आणि विशेष शाळेनं दाखला हातात दिला. तेव्हापासून घरीच. टीव्ही, मोबाईल, जेवण, झोप. चिडका झालाय, वजन वाढलंय. माझ्या भावाच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यांचं गांधीबागेजवळ मसाले पाकिटांत भरायचं काम चालतं. ते म्हणाले, "पाठवा त्याला, वेळ जाईल त्याचा, पैशाचं बघू नंतर." यांचं (दादूच्या बाबांचं) म्हणणं, आधी एकदोन वर्षं कुठंतरी ट्रेनिंग देऊ, त्याला पैसे मोजता येऊ देत, एकट्यानं जाता येऊ दे, मग बघू. लोक हसले तर? कुणी फसवलं तर? मला काही सुचत नाही.
— एक आई, सुभाषनगर

उत्तर : ताई, पाठवा. फक्त "वेळ जाईल" म्हणून नको, कामाला म्हणून पाठवा.

दादूच्या बाबांची काळजी मला समजते. पण मी नागपुरातच एका विशेष शाळेच्या कार्यशाळा विभागात उमेदीची वर्षं काढली, नंतर मुलांना दुकानांत, कॅन्टीनमध्ये, ऑफिसांत कामाला लावत फिरले. त्यावरून ठामपणे सांगते, आपल्या मुलांची तयारी कधीच "पूर्ण" होत नाही. पैसे मोजता आले की लोक म्हणतात आता घड्याळ शिकू दे. घड्याळ आलं की म्हणतात थोडं बोलणं सुधारू दे. मुलगा पस्तिशीला येतो आणि तरी तयारी सुरूच असते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. वर्गात लाकडी मण्यांची पाकिटं झरझर भरणारा मुलगा दुकानात समोर वेलची आली की हात आवरून बसतो. त्याच्यासाठी ते टेबल, तो वास, शेजारी बसलेल्या बाई, हे सगळंच त्या कामाचा भाग असतं. म्हणून जिथं काम करायचं तिथंच शिकवायचं. अमेरिकेत १९८० च्या दशकात हीच उलटापालट झाली. आधी शिकवा मग नोकरी द्या, हे सोडून त्यांनी आधी नोकरी द्या आणि तिथं उभं राहून शिकवा, ही पद्धत धरली. शिकवणाऱ्याला जॉब कोच म्हणतात. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, मार्क गोल्ड नावाच्या संशोधकानं ज्यांना "काहीच जमणार नाही" असा शिक्का बसला होता अशा मुलांना पंधरा भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवून दाखवला. त्यांना वाचता येतं का, मोजता येतं का, हे तो विचारत बसला नाही. कामाचे बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा हाताला बसवला. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १९ मध्येही बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिझम असलेल्या मुलांसाठी बाजाराशी जोडलेलं प्रशिक्षण द्यावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता गांधीबागेचं बघू. दादू जायच्या आधी तुम्ही जा, आणि जमलं तर त्याच्या शाळेतल्या जुन्या बाईंना सोबत न्या. सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं बसून बघा. तिथं कोणतं काम अडतं, कशासाठी लोक एकमेकांना हाका मारतात? बहुतेक ठिकाणी असं एक काम निघतंच, जे सगळ्यांना नकोसं असतं पण झालं नाही तर पुढचं थांबतं. समजा ते शंभर ग्रॅम धण्याची पाकिटं भरायचं निघालं. त्याचे तुकडे असे पडतील : पाकीट उघडायचं, मापाचा डाव काठोकाठ भरायचा, पट्टीनं सपाट करायचा, पाकिटात ओतायचा, पाकीट काट्यावर ठेवायचं, काट्यावरचा आकडा शेजारी चिकटवलेल्या आकड्यासारखा दिसतो का ते बघायचं, नाही दिसला तर पाकीट डावीकडच्या ताटात, दिसला तर उजवीकडच्या. यात त्याला आकडे वाचायचे नाहीत, दोन चित्रं सारखी आहेत का एवढंच बघायचंय. डावीकडची पाकिटं दुसरं कुणी दुरुस्त करेल. मोजायचीही गरज नाही. बारा खणांचा खोका द्या, खण भरले की खोका उचलून सील करायच्या मशीनकडे नेऊन ठेवायचा. पैसे मोजता येणं या कामाला कुठंच लागत नाही, हे दादूच्या बाबांना दाखवा.

शिकवणारी व्यक्ती पहिल्यांदा शेजारी बसेल, मग मागं उभी राहील, मग दाराशी, मग फक्त फोनवर. ती केव्हा मागं सरकणार, हे सुरुवातीलाच ठरवा. नाहीतर ती कायमची चिकटून राहते आणि दुकानातले लोक दादूशी बोलायचं सोडून तिच्याशीच बोलतात. तिथल्याच एखाद्या मावशीला किंवा दादाला हळूहळू त्याचा आधार बनवायचं. शिकवणारं कुणी सापडत नसेल तर शाळेतल्या विशेष शिक्षकांना विचारा. नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, सगळे सीआरसी म्हणतात, तिथंही चौकशी करा.

हातातल्या कामापेक्षा मला चहाच्या सुट्टीची जास्त काळजी असते. कामात चांगली असलेली मुलं सुट्टीतल्या वागण्यामुळं घरी परत आलेली मी बघितलीयत. कुणाचा तरी डबा उघडला, दर वेळी समोर येणाऱ्याला मिठी मारली, एकच प्रश्न दिवसभर विचारला. कुणी समजावून सांगत नाही, सरळ "उद्यापासून नको" म्हणतात. तेव्हा पाकिटांइतकंच हेही शिकवा : सकाळी एकदा नमस्कार, चहा कुठं बसून प्यायचा, लघवीला जायचं असेल तर कुणाला सांगायचं, नाही कसं म्हणायचं.

प्रवासात तुमचं नशीब चांगलं आहे. सुभाषनगरहून गांधीबागेजवळच्या अग्रसेन चौकापर्यंत मेट्रोची एकच ॲक्वा लाईन जाते, सीताबर्डीला गाडी बदलायची भानगड नाही. त्याच्या मोबाईलमध्ये या लाईनच्या दोन्ही शेवटच्या स्टेशनांचे फोटो ठेवा, जाताना "प्रजापती नगर"च्या पाटीचा आणि येताना "लोकमान्य नगर"च्या पाटीचा. आधी त्याच्यासोबत बसा, मग त्याच डब्यात दूर बसा, मग उतरायच्या स्टेशनवर उभ्या राहा. सीताबर्डीला गर्दी सगळी उतरते, तिच्यासोबत तोही उतरेल. म्हणून तो टप्पा जास्त दिवस घ्या. सेंट्रल ॲव्हेन्यू ओलांडायचा तर पोलीस नाहीतर सिग्नल असेल तिथूनच, रोज त्याच जागेवरून. आणि बडग्या-मारबतीच्या दिवशी इतवारीचे रस्ते मिरवणुकीनं भरलेले असतात, त्या दिवसाचं त्याला आठवडाभर आधी कॅलेंडरवर दाखवून ठेवा. ठरलेलं अचानक बदललं की आपली मुलं बिथरतात, आधी कळलं तर त्यांना निभावता येतं. मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, तेव्हा सकाळचे तास मागून घ्या.

पैशाचं "नंतर बघू" चालणार नाही, ताई. हे पहिल्याच भेटीत बोला. भावाच्या ओळखीमुळं संकोच वाटेल, तरी बोला. दादू हळू काम करतो असं ते म्हणतील, तर तास कमी ठेवू, पण तासाचा दर कमी करायचा नाही. शेजारच्या मावशीला जो दर, तोच त्याला. आणि पैसे त्याच्या नावाच्या खात्यात. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ त्याला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळायचा इतरांच्या बरोबरीनं हक्क देतं. पहिल्या पगारातून त्याला काय घ्यायचंय ते त्यालाच विचारा, समोसे म्हणाला तरी हरकत नाही.

लोक हसतील का? काही हसतील. कायदा त्यावरही आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला, धमकावलं, तर कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रोजच्या आयुष्यात कायद्यापेक्षा त्याच्या बाजूनं बोलणारी दुकानातली एक मावशी जास्त कामाची, म्हणून वर तिच्याबद्दल इतकं लिहिलं. फसवणुकीसाठी खिशात तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड, आणि एकच नियम : कामावरून निघाल्यावर कुणी कितीही ओळखीचं असलं तरी आईला फोन केल्याशिवाय त्याच्या गाडीवर बसायचं नाही.

प्रश्न : मुलगी सत्तावीस वर्षांची, डाऊन सिंड्रोम. सकाळी व्हॅननं कार्यशाळेत जाते. राख्या, पणत्या, कागदी पिशव्या. महिन्याला नाममात्र मानधन मिळतं, पण ती खुश असते. धाकटे दीर अमेरिकेत असतात. ते सांगतात की तिकडं अशा कार्यशाळा बंद पाडताहेत, तिथं मुलांचं शोषण होतं, तुम्हीही तिला काढा. काय करावं?
— नंदनवनहून

उत्तर : तुमचे दीर खरं सांगताहेत, पण अर्धंच. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यात दिव्यांगांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे द्यायची सवलत ठेवली गेली. तिच्या आधारानं कार्यशाळांत माणसं वर्षानुवर्षं अगदी थोड्या पैशांवर काम करत राहिली. अनेक राज्यांनी ही सवलत आता रद्द केलीय. व्हर्मॉंटनं तर २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कार्यशाळा बंद केल्या. मात्र तिथं सरकारनं आधी प्रत्येकाला नोकरीच्या जागी आधार द्यायची व्यवस्था उभी केली होती. आणि तरीही पुष्कळांना आठवड्यातून थोडेच तास काम मिळतं. उरलेल्या तासांचं काय, हा प्रश्न तिथल्या आईवडिलांनाही पडतोच. त्यासाठी दिवसाची वेगळी मदत असते, कुणीतरी सोबत राहून वाचनालयात, पोहायला, बाजारात, एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नेतं.

आपल्याकडं ती दुसरी व्यवस्था नाही. तुम्ही उद्या तिला काढलंत तर ती नोकरीला जाणार नाही, ती घरी बसेल, आणि मैत्रिणी जातील त्या वेगळ्याच. म्हणून काढू नका.

पण कार्यशाळेला काही गोष्टी विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तुम्ही विचारत नाही असं पत्रावरून वाटतं. पणत्या कोण विकत घेतं? दिवाळीत मोठी विक्री होते, तिचा हिशेब मुलांना दिसतो का? आपल्या मुलीला राखी की पिशवी, हे ती स्वतः निवडते का? गेल्या काही वर्षांत तिथून कुणी बाहेर नोकरीला गेलंय का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर मला खटकतं. मग एखादी सकाळ बाहेर मागा. आठवड्यातून दोन दिवस कार्यशाळेऐवजी तुमच्या भागातल्या एखाद्या पाळणाघरात, फुलांच्या दुकानात, शिवणकामाच्या ठिकाणी. बाकीचे दिवस कार्यशाळा. सत्तावीस वर्षांच्या मुलीला राख्यांशिवाय आणखी काय आवडतं, हे कळायला तिला ते दुसरं काहीतरी बघायला मिळालं पाहिजे.

प्रश्न : माझा दादा चौतीस वर्षांचा आहे, ऑटिझम, बोलत नाही. आई गेली, बाबा थकलेत, मी नोकरी करते. ज्या डे सेंटरमध्ये तो जायचा त्यांनी सांगितलं, हा स्वतःच्या गालावर मारून घेतो, दुसऱ्यांना ढकलतो, घेऊन जा. हे गेल्या दोनतीन महिन्यांतच वाढलंय. आता माझी अर्धी रजा संपली.
— बहीण, मानेवाडा

उत्तर : बेटा, दोनतीन महिन्यांतच वाढलंय, हे तू लिहिलंस ते फार महत्त्वाचं. बोलता न येणारा माणूस अचानक गालावर मारायला लागला तर मी सगळ्यात आधी दात बघायला सांगते. मग कान, मग पोट साफ होतं का, ॲसिडिटी, मग फिट्स. गोळ्या बदलल्या असतील तर त्याही. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं जाताना गर्दी कमी असेल अशी वेळ विचारून जा आणि त्याच्या आवडीची एखादी वस्तू हातात दे. वागणूक सुधारायच्या गोळ्या सुरू करण्याआधी हे सगळं तपासून होऊ दे, डॉक्टरांना तसं ठणकावून सांग.

काहीच निघालं नाही तर एक वही कर. केव्हा मारतो, कुठं, त्याच्या आधी काय झालं होतं, नंतर काय झालं. सेंटरमध्ये एखादा नवा मुलगा ओरडतो का, व्हॅनमधली जागा बदलली का, की घरात आई नाही आणि ती कुठं गेली हे त्याला कुणी सांगितलंच नाही? आईचा फोटो, हार घातलेला फोटो, घाटावरची जागा, हे त्याला दाखवा. बोलत नाही म्हणजे त्याला दुःख कळत नाही, असं धरून चालू नका.

सेंटरला पूर्ण दिवस नको, दीड-दोन तास मागा, आणि त्या तासांत एक ठरलेलं काम. जड काम बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना शांत करतं : कुंड्यांना बादलीनं पाणी घालणं, रद्दीचे गठ्ठे उचलणं. ते नाहीच म्हणाले तर मानेवाडा-अयोध्यानगर भागात अशी आणखी घरं नक्की असतील. दोनतीन कुटुंबांनी मिळून सकाळच्या वेळेसाठी एक मदतनीस ठेवणं, हे मी जवळून बघितलेलं आहे आणि ते टिकतं. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३८ खाली "जास्त मदतीची गरज" असलेल्या व्यक्तीसाठी घरचं कुणीही अर्ज करू शकतं. तो लेखी कर, पोच घे. राष्ट्रीय न्यासाची (ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची) निरामय आरोग्य विमा योजना काढली नसेल तर तीही घे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही त्यात येतात, वयाची अट नाही. राष्ट्रीय न्यासाकडं नोंदणी असलेल्या संस्थेतून अर्ज भरता येतो.

आणि रजेचं : बाबांना सकाळ, तुला संध्याकाळ, मदतनिसाला मधला वेळ, अशी वाटणी करून बघ. सगळं तूच करायचं, असं मनाशी ठरवून टाकलेलं दिसतंय. तसं करू नकोस.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, शेवटचं मूळ वेतन ५२,००० होतं. मुलगी तीस वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. आता तिला एका पाळणाघरात मदतनीस म्हणून महिना ६,००० वर बोलावताहेत. ओळखीचे लोक सांगतात, तिनं एक रुपया जरी कमावला तरी आमच्यानंतर तिची पेन्शन जाईल. म्हणून मी नकार कळवणार आहे.
— प्रतापनगर

उत्तर : काका, नकार कळवू नका.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला, दिव्यांगत्वामुळं स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल तर, वयाच्या पंचवीस वर्षांनंतरही आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आधी काकूंना, त्यांच्यानंतर मुलीला. उत्पन्नाची अट पूर्वी महिना ९,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता अशी होती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये बदलली. आता दिव्यांग अपत्याचं इतर सगळं उत्पन्न मिळून साधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असलं की झालं. तो दर म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई. तुमच्या बाबतीत ५२,००० चे ३० टक्के म्हणजे १५,६००, महागाई वेगळी. मुलीचे ६,००० त्याच्या निम्म्यानंही नाहीत. बँकेतल्या ठेवींचं व्याज तिच्या नावावर असेल तर तेवढं मात्र यात धरा.

खरी घाई दुसऱ्याच कामाची आहे. मुलीचं नाव तुमच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या आदेशावर चढवून घ्या, दिव्यांगत्वाचं कायमस्वरूपी प्रमाणपत्र जोडून. तिच्या वतीनं पेन्शन कोण घेणार, त्या व्यक्तीचं नामनिर्देशन करा. अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. त्या समितीचं पालकत्व प्रमाणपत्र पेन्शनसाठी चालतं. मुलाला किंवा पुतण्याला ही जबाबदारी द्यायची असेल तर त्याला सोबत घेऊन जा, म्हणजे त्यालाही कागद कुठं आहेत ते कळेल.

पाळणाघराला फोन करा आणि मुलीला कोणत्या दिवसापासून यायचं ते विचारा. पहिला आठवडा कुणीतरी तिच्यासोबत थांबेल, हेही त्याच फोनवर ठरवून घ्या.